वळीव आणि मृग यांच्या मधले दिवस

मे महिन्यात चंद्रपूर ४४ अंशांवर तापत असतं तेव्हा रत्नागिरीचा पारा बहुतेक दिवस ३३-३४ च्या आसपास घुटमळतो. बातम्यांत नाव चंद्रपूरचं येतं, आणि ते योग्यच आहे. पण अंगाला शर्ट चिकटून, आंघोळीनंतर दहा मिनिटांत पुन्हा आंघोळ करावीशी वाटते ती इथे, कोकणात. पारा सांगतो हवेची उष्णता, अंगाला कळतो घाम वाळण्याचा वेग. तापमापकाच्या खालच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून त्याला वारा घातला तर जो आकडा दिसतो तो घामाच्या हिशेबाचा आकडा. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा २३ च्या आसपास येतो. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तो २९ च्या वर जातो. कातडीचं तापमान ३५ धरलं तर चंद्रपुरात घामाला काम करायला १२ अंशांची जागा आहे, इथे सहासुद्धा नाही. पाण्याचा कूलर कोकणात का चालत नाही याचंही उत्तर हेच. तो हवेला फार तर २९-३० पर्यंत आणणार आणि वर खोली दमट करून ठेवणार. कूलर घेऊन घाटावरून येणाऱ्यांना हे कुणी आधी सांगत नाही.

हवामान खातंही किनाऱ्याला वेगळी पट्टी लावतं. मैदानी भागात उष्णतेची लाट धरायला कमाल तापमान किमान ४० लागतं. किनाऱ्यावर ३७ पुरतं, फक्त ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं. असे दिवस येतात ते पूर्वेकडून वारा जोरात असतो तेव्हा. मग समुद्रावरचा खारा वारा सकाळी दहा-अकराला सुटायचा तो दुपार उलटेपर्यंत सुटत नाही, आणि पारा ३८-३९ गाठतो.

पाऊस आला की आर्द्रता कमी होत नाही, उलट नव्वदच्या वर जाते. तरीही बरं वाटतं, कारण हवा २६ अंशांवर उतरते आणि ओल्या फडक्याचा आकडा २५ वर येतो. २९ वरून २५. पावसाचा जो काही दिलासा आहे तो या चार अंशांचा. म्हणून पाऊस पडला पण हवा थंड झाली नाही, तर दिलासा मिळत नाही. नेमकं हेच वळवाच्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी होतं.

वळीव येतो सह्याद्रीकडून. दुपारभर घाटमाथ्यावर ढग चढत जातात, चार-पाचच्या सुमाराला पूर्वेला काळं होतं, वरच्या पूर्ववाऱ्याबरोबर ते किनाऱ्याकडे सरकतं. पावसाच्या आधी दहा-पंधरा मिनिटं गार वाऱ्याचा लोट येतो; ही ढगातून खाली कोसळलेली हवा, वाटेत थेंब वाळताना गार झालेली. खरी मजा याच लोटाची. पाऊस तासाभरात आटपतो. दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं, ऊन तेच, आणि जमीन ओली. मग जमिनीतली ओल वर येते आणि आदल्या दिवशीपेक्षा जास्त गदमदतं. जुनी माणसं वळवाच्या पावसाला पाऊस म्हणत नाहीत ते उगाच नाही.

मृगाचा पाऊस समुद्राकडून, नैर्ऋत्येकडून येतो. सूर्य मृग नक्षत्रात जातो ७-८ जूनला. मान्सूनची सरासरी तारीख केरळला १ जून, मुंबईला ११ जून. तळकोकणात तो मुंबईच्या आधी काही दिवस पोचतो. हा आला की ढग जात नाहीत, ऊन पडत नाही, जमीन तापत नाही. २९ चे २५ झालेले तसेच राहतात.

म्हणजे वळवाचा उपयोग काय? माझ्या मते एकच: तो रंगीत तालीम आहे. घर कुठे गळतं, पाणी कुठे तुंबतं, वीज कुठून जाते, हे तो तासाभरात दाखवून जातो आणि दुरुस्तीला कोरडे दिवस देतो. वळीव पडल्यावर भजी तळून गप्प बसलेलं घर मृगात बादल्या मांडतं.

आधी थंडावा घरात घेण्याबद्दल. धुळीच्या भीतीने गार लोट आला की सगळी दारं-खिडक्या धडाधड लावल्या जातात. स्लॅबच्या घरात याचा तोटा मोठा आहे. पाच इंची स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि ती उष्णता मध्यरात्रीनंतरपर्यंत खोलीत सोडत राहतो. तासाभराच्या सरीने फक्त त्याचा वरचा पापुद्रा गार होतो. बंद खोलीत मग दमटपणा बाहेरचा आणि उष्णता वरची, दोन्ही एकदम. वळवाचा वारा पूर्वेकडून येतो, म्हणून पूर्वेच्या खिडक्या लावायच्या आणि पश्चिमेच्या सताड उघडायच्या. झड आत येत नाही. धुळीचा पहिला झपाटा गेला की पूर्वेची एक खिडकी बोटभर उघडायची, म्हणजे हवा आरपार जाते. टेबलफॅन असेल तर तो उघड्या खिडकीत बाहेर तोंड करून लावावा. छताखाली साठलेली गरम हवा ओढून बाहेर काढतो. मृगात हे सगळं उलटं. वारा पश्चिमेचा, झड पश्चिमेची, उघड्या ठेवायच्या त्या पूर्वेच्या खिडक्या.

कौलारू घराला हा खटाटोप लागत नाही. कौलांच्या फटींतून गरम हवा आपोआप वर निघून जाते आणि भाजलेली माती पाणी शोषून नंतर तासभर वाळत राहते. जे कौलांखाली राहतात त्यांना पहिल्या सरीचा गारवा जास्त कळतो. त्याची किंमत म्हणजे दर वर्षीची कौलांची डागडुजी.

मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली काढला. त्याआधी नळ्यांची कौलं होती, आणि काही घरांवर अजून आहेत. नळ्यांची कौलं नुसती एकावर एक पालथी-उताणी मांडलेली असतात, वाऱ्याने, मांजरांनी, माकडांनी हलतात. ती दर वर्षी चाळावीच लागतात, म्हणजे उतरवून पुन्हा मांडावी लागतात. मंगळुरी कौल रिपेला मागच्या नाकाने अडकतं आणि शेजारच्याच्या खाचेत बसतं, म्हणून दर वर्षी सगळं छप्पर उतरवायची गरज नाही. पण ‘गरज नाही’चा अर्थ लोक ‘बघायचंच नाही’ असा घेतात.

गळती शोधायची ती पाऊस पडत असताना, आतून. इथे पहिली गफलत होते: जिथे थेंब पडतो तिथेच वर भोक आहे असं धरलं जातं. पाणी कौलातून आत आलं की रिपेवरून आडवं जातं, वाशाला लागलं की वाशाच्या पोटाने उताराकडे घसरत येतं आणि एखाद्या गाठीशी किंवा खिळ्याशी थबकून खाली पडतं. भोक थेंबापासून चार-पाच फूट वर असू शकतं. म्हणून विजेरी घेऊन थेंबापासून वाशाच्या ओल्या रेघेने वर वर जायचं, आणि ओल जिथे सुरू होते तिथे वाशावर कोळशाने किंवा खडूने खूण करायची. खूण त्याच वेळी केली पाहिजे. वासा वाळल्यावर काहीही सापडत नाही. दुसरी तपासणी कोरड्या दिवशी, भर दुपारी: माळ्यावर जाऊन दारं लावून अंधार करायचा आणि वर बघायचं. उजेडाचा ठिपका दिसला तर कौल फुटलंय किंवा सरकलंय. ठिपका दिसत नाही पण गळतं, तर कारण वेगळं आहे. बहुतेक वेळा कौलाच्या खाचेत पाचोळा आणि शेवाळ बसलेलं असतं. पाण्याला खालची वाट मिळत नाही आणि ते खाचेची कड ओलांडून आत येतं. तिथे नवीन कौल घालून काही होत नाही. खाच नारळाच्या हिराच्या मुडग्याने, म्हणजे झिजलेल्या झाडूने, खरवडून साफ करायची.

तिसरं कारण उताराचं. दोन फूट आडव्याला एक फूट उभा, यापेक्षा उतार कमी असेल तर वाऱ्याचा पाऊस कौलांच्या जोडातून वर चढतो. नवीन पडवी काढताना उंची वाचवायला उतार कमी ठेवतात आणि मग वर्षानुवर्षं गवंड्याला दोष देतात.

छपरावर चढायचं ते कौलं पूर्ण कोरडी असताना, सकाळी. शेवाळ असलेलं कौल दवानेसुद्धा निसरडं होतं. पाय ठेवायचा कौलाच्या खालच्या टोकावर, कारण तिथे दोन कौलं एकावर एक असतात आणि खाली रीप असते; मधल्या पोटावर पाय दिला की कौल गेलं. जड माणसाने शिडी छपरावर आडवी टाकून तिच्या पायऱ्यांवरून जावं. फुटकं कौल काढायला त्याच्या वरचं कौल दोन-तीन इंच वर सरकवायचं, फुटकं उचलून नाक रिपेतून सोडवायचं, नवीन घालून नाक बसल्याची खात्री करायची, मग वरचं खाली ओढायचं. नाक बसलं की हाताला टक् असं कळतं. बसलं नसेल तर पहिल्याच वादळी रात्री ते खाली येतं.

नवीन कौल कुठलंही चालत नाही. वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यात दोन-चार मिलिमीटरचा फरक असतो. तेवढ्याने खाच बसत नाही आणि एका फुटक्या कौलाच्या जागी तीन गळकी तयार होतात. कौलाच्या पोटावर कारखान्याची छाप असते, तीच बघून घ्यायचं. जुने कारखाने बंद झालेत, म्हणून गावात कुणी कौलारू घर पाडत असेल तर छाप जुळणारी वीस-पंचवीस कौलं मागून आणून गोठ्याच्या भिंतीला उभी लावून ठेवावीत. आडवी रचली तर खालची फुटतात. मंगळुरी कौलं शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे लागतात, एकेक अडीच किलोच्या आसपास. त्यावरून किती आणायची आणि कशातून आणायची ते ठरवता येतं.

फुटक्या कौलावर सिमेंट थापायचं नाही. ऊन-पावसात कौल आणि सिमेंट वेगवेगळं फुगतं, आठवड्यात भेग पडते, आणि सिमेंटमुळे दोन कौलं एकमेकांना चिकटली की पुढच्या वर्षी एक काढताना दोन फुटतात. तातडीचा उपाय म्हणून पातळ पत्र्याचा तुकडा वरच्या कौलाखाली सरकवावा, एवढंच. आढ्यावरच्या कोन्यांना मात्र गिलावा लागतोच. त्यात थोडा चुना मिसळला तर भेगा कमी पडतात. आणि घरावर झुकलेल्या माडाची सुकी चुडतं, सुके नारळ मेमध्येच उतरवून घ्यावेत. कौलं फोडण्यात माकडांनंतर नंबर त्यांचाच.

पत्र्याच्या छपराचं काम सोपं आहे. पत्रा सहसा गळत नाही, हुकाच्या बोल्टाखालचा वायसर गळतो. डांबरी किंवा रबरी वायसर दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन चिरतो. सगळे बदलावेत, आणि बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर आहे ना ते पाहावं. खोलगट भागात मारलेला बोल्ट पाण्यातच उभा असतो. स्लॅबवाल्यांनी वळीव पडून गेल्यावर अर्ध्या तासाने गच्चीवर जावं. जिथे डबकं दिसेल तिथे खडूने वर्तुळ करावं. पाण्याच्या तोट्या पाचोळ्याने बुजलेल्या असतील तर मोकळ्या करून वर जाळी बसवावी. गच्चीत पाणी भरून ठेवायची चाचणी मेमध्ये विहिरीच्या पाण्यावर करणं जिवावर येतं. वळीव ती फुकट करून देतो.

पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या पडवीला झड लागते. तिथे पूर्वी माडाच्या चुडतांचे विणलेले झाप बांधायचे, आता हिरवी जाळी किंवा ताडपत्री येते. ताडपत्री ताणून खिळे ठोकले की पहिल्या वादळात खिळ्यांपाशी फाटते. कडेला बांबूची काठी गुंडाळून काठीला सुंभ बांधावा आणि खाली वीतभर मोकळं सोडावं, म्हणजे वारा खालून निघून जातो. झाप फाटत नाही याचं कारणही तेच: त्यातून वारा जातो.

आता वीज. पहिले चार थेंब पडले की दिवे जातात, यावर कोकणात विनोद फार आहेत. पण त्यामागे कारण आहे. सात-आठ महिने खारा वारा समुद्रावरून मीठ आणून खांबांवरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर बसवतो, त्यावर रस्त्याची धूळ. कोरडं मीठ वीज वाहत नाही. बारीक पावसाने ते ओलं झालं की मिठाच्या पाण्याचा थर तयार होतो, त्यावरून ठिणगी उडते आणि फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी लाइन, ट्रिप होतो. जोरदार सर आली तर मीठ धुऊन जातं, म्हणून त्रास जास्त देतो तो भुरभुर पाऊस. फांद्या तारांवर पडणं वेगळं. ते मोठ्या वाऱ्याचं काम.

घरातलं बघायचं ते अर्थिंग. जांभ्याची जमीन मेपर्यंत इतकी कोरडी होते की अर्थिंगच्या खड्ड्यातून वीज जमिनीत नीट जातच नाही. नेमके त्याच दिवसांत वळवाच्या विजा. एप्रिलपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी खड्ड्यात ओतावं, आंघोळीचं चालतं. आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच, असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का पाहावं. पडला नाही तर इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवावं, कारण ओल्या भिंतींच्या दिवसांत जीव वाचवणारा तोच आहे. आभाळ काळं झालं की टीव्ही, फ्रिज, राऊटर आणि पंपाच्या स्टार्टरची जोडणी काढायची. नुसता स्विच बंद करून किंवा एमसीबी पाडून भागत नाही, पिन सॉकेटमधून बाहेर पाहिजे, डिशची तारसुद्धा.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, म्हणजे आत जायची वेळ झाली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्यावं. शेवटचा हापूस नेमका याच दिवसांत उतरवायचा असतो. हातात आंबे उतरवायची ॲल्युमिनियमची लांब घळ आणि माणूस कलमावर, यापेक्षा वाईट जागा नाही. उरलेले आंबे गेले तर गेले. माडाखाली किंवा एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, शिरायचं. उघड्या कातळावर सापडलात तर पाय जुळवून उकिडवं बसायचं. आडवं पडायचं नाही.

बेगमीबद्दल थोडक्यात. वळवाचा पहिला गडगडाट झाला की खळ्यात पसरलेलं सगळं उचलायची धावपळ होते, आणि त्या धावपळीत गरम सोलं (कोकमं), गरम मिरची, गरम सुकट तशीच डब्यात भरली जाते. बुरशी येते ती इथून. आतली ऊब रात्री झाकणाला पाणी धरते आणि तेच पाणी वरच्या थरावर पडतं. उन्हातून आणलेली कुठलीही वस्तू आत कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्यावी, मग भरावी. भिजलं असेल तर सोलं मिठाच्या रसातून पुन्हा काढून वाळवता येतात. आंबापोळीला मात्र एकदा पाण्याचा थेंब लागला की ती आठ दिवसांत खाऊन संपवणं बरं. सुक्या मासळीचे डबे मसाल्याच्या फळीपासून लांब ठेवावेत आणि मृगाआधी एकदा सगळ्यांना कडक ऊन द्यावं. पण ऊन मिळेलच असं धरून चालू नये: २०२५ साली मान्सून केरळात २४ मेला, देवगडात २५ मेला आणि मुंबईत २६ मेला पोचला. जूनच्या पहिल्या आठवड्यावर भिस्त ठेवणाऱ्यांची सोलं त्या वर्षी चुलीवरच वाळली. बेगमीची तारीख १५ मे धरावी, असं माझं मत.

भाताच्या रोपाचा निर्णय यापेक्षा अवघड. धूळवाफेत, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, बी टाकलं आणि चांगला वळीव पडला की ते रुजतं. नंतर आठ दिवस ऊन पडलं की करपतं. विहिरीचं पाणी वाफ्यापर्यंत नेता येत असेल तरच वळवावर पेरावं, नाहीतर मृग लागेपर्यंत बी पोत्यातच बरं. पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावं. तरंगेल ते पोचट, काढून टाकायचं; बुडेल ते दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. हेक्टरभर लावणीला दहा गुंठे रोप लागतं. वाफे गादीसारखे उंच करावेत आणि मध्ये चर ठेवावा, कारण लवकर आलेल्या मान्सूनमध्ये रोप उन्हाने मरत नाही, पाण्यात बुडून मरतं.

विहीर. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो आणि मेमध्ये टँकर येतो. जांभा सच्छिद्र आहे, पाणी त्यातून उताराने खाडीला निघून जातं. त्यामुळे पहिल्या पावसाच्या वेळी विहिरीत पाणी सगळ्यांत कमी असतं आणि बाहेरून येणारी घाण सगळ्यांत जास्त. आठ महिन्यांचं शेण, पाचोळा, उकिरडा पहिल्या दोन-तीन सरींत वाहतो. कठड्याभोवती मातीचा बांध घालून तो लोट दुसरीकडे वळवावा. छपराचं पाणी विहिरीत सोडत असाल तर पहिल्या दोन दमदार सरींचं पाणी बाहेर जाऊ द्यावं, मग पाइप जोडावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या घराने दोन सरी सोडल्या म्हणून काही बिघडत नाही.

पाणी गढूळ झालं की टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात ती मूठभर, अंदाजाने. हिशेब कठीण नाही. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणा, चारने भागा: घनमीटर आले. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर १४ घनमीटर, म्हणजे १४ हजार लिटर. ताजी पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ३५ ग्रॅम. ती कोरडी टाकायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करायची, बादली पाऊण भरायची, ढवळून दहा मिनिटं ठेवायची. चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने विहिरीत पाण्याखाली सोडून वर-खाली हलवायची. चुना विहिरीत टाकला तर पाणी जड होतं आणि फायदा काही नाही. मग तासभर पाणी काढायचं नाही. रात्री टाकणं सोयीचं. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीतच संपतो, म्हणून आधी एक-दोन दिवस निवळू द्यावं. उघड्या पिशवीतली जुनी पावडर, जिला वास येत नाही, ती नुसता चुना समजावी. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे तपासणीचं औषध असतं: दोन थेंबांनी पाणी फिकट पिवळं झालं तर क्लोरीन आहे. एवढं करूनही पहिले पंधरा दिवस पाणी उकळूनच प्यावं.

राहिली जनावरं. पहिल्या पावसाने बिळांत पाणी शिरतं आणि साप, विंचू, गोमा कोरडी जागा शोधत घराकडे येतात. लाकडांची रास, नारळाच्या सोडणांचा ढीग, रचलेली कौलं या त्यांच्या आवडीच्या जागा. म्हणून लाकडं भिंतीला टेकवून रचू नयेत, खाली वीटभर उंचवटा आणि भिंतीपासून हातभर अंतर ठेवावं. फुरसं हा साप कातळावर आणि दगडी गडग्यांत असतो, लहान दिसतं आणि लोक पायानेच बाजूला सारतात. ते अतिशय विषारी आहे. मण्यार रात्री घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश कळतही नाही इतका कमी दुखतो. गारव्याला पडवीत जमिनीवर पथारी टाकायची असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा चटईखाली दाबाव्यात. साप चावला तर दोरी बांधणं, चिरा देणं, गावठी औषध, यातलं काहीही नको. चावलेला भाग हलू न देता फळीला बांधायचा आणि प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठायचं. ते जवळचं कुठलं, हे मेमध्येच चौकशी करून फोनमध्ये लिहून ठेवावं.

कोकणातला लाल विंचूही साधा नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध चालतं हे दाखवून दिल्यावर मृत्यू फार कमी झाले. पण ते वेळेत मिळालं तर. दंशानंतर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले की उतार पडायची वाट बघत बसू नये, गाडी काढावी. पडवीत ठेवलेली गमबुटं, इरली आणि वाळत घातलेले टॉवेल पहिल्या पावसानंतर झटकल्याशिवाय वापरू नयेत. बूट उलटा करून टाच दोनदा जमिनीवर आपटायची, कारण विंचू पुढे बोटांच्या टोकाशी बसलेला असतो आणि नुसत्या झटक्याने पडत नाही.